मैदानातली काटवट

खेळाच्या मॅडमचं काम काय असतं, असं विचारलं की लोक तोंडापुढे मूठ धरून शिट्टी वाजवून दाखवतात. मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनीही तेच केलं होतं. सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका शाळेत मी सगळी नोकरी क्रीडाशिक्षिका म्हणून काढली. आता निवृत्त होऊन बीडला घरी बसले आहे. मागचं आठवायला लागलं की लक्षात येतं, शिट्टीपेक्षा पळीच माझ्या हातात जास्त वेळ होती.

कारण साधं आहे. खेळणारं पोर भुकेलं असतं आणि भुकेलं पोर खेळत नाही. वस्त्यांवरची पोरं सकाळी अर्धीमुर्धी भाकरी खाऊन चालत शाळेत यायची. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त भूक लागते त्या नववी-दहावीवाल्यांना तीही नाही. शाळा सुटली की सराव. सामन्याच्या दिवशी, सामना झाल्यावर, सुट्टीतल्या शिबिरात या पोरांना जेवू घालायचं कुणी, हा प्रश्न कुठल्याच नियमात बसत नव्हता, म्हणून तो माझ्याकडे आला. मुख्याध्यापक दरवर्षी एकच सल्ला द्यायचे. "साळवे मॅडम, भेळ द्या आणि मोकळ्या व्हा." भेळ म्हणजे जेवण नव्हे, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मला मात्र ते पहिल्याच वर्षी पटलं. मी नवी होते, बीडला शिकून आले होते, डोक्यात शहरी कल्पना होत्या. कबड्डीच्या मुलांनी तालुका जिंकला म्हणून मी परळीहून पाव मागवले, मोठ्या पातेल्यात भाजी केली, वर लोणी, कांदा, लिंबू. पोरांनी फडशा पाडला. मी धन्य होऊन बघत होते. तेवढ्यात संघाचा कप्तान हात धुऊन आला आणि फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, आता जेवायला कव्हा बसायचं?"

त्या दिवशी मी माझ्या धंद्याचा पहिला धडा शिकले. आमच्याकडच्या पोराच्या पोटात भाकरी गेल्याशिवाय त्याला जेवलो असं वाटत नाही. बाकी सगळं फराळात जमा.

पुढचे धडे तलवाड्याच्या मामाकडून आले. आमच्या वस्तीत जयंतीचं जेवण मामा करायचा. विहारासमोर तीन दगडांवर कढई चढली की तो कुणालाही जवळ येऊ द्यायचा नाही, मला सोडून. मी विचारलं, एवढ्या पोरांचा अंदाज कसा बांधायचा. तो म्हणाला, "एका पोराला दोन मानसं धर. आन त्यातलं कोण रडत आलं असंल तर तीन." मामाचं गणित मला कधी चुकलं नाही. त्यानंच शिकवलं की पोरांना रिकाम्या हातानं ताटकळत ठेवायचं नाही. आल्या आल्या मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायचा आणि लसूण सोलायला बसवायचं. तोंड चालू राहिलं की भांडणं होत नाहीत, आणि लसूणही सोलून होतो. आमटी पातळ ठेवायची, पण तिखटाला हात आखडायचा नाही. पातळ आमटीत भाकरी कुस्करली की ताटलीत ढीग दिसतो आणि पोराचा जीव थंडावतो. ठेचा झणझणीत असला तर भाजी कमी पडली तरी कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि पीठ. ते आम्ही विकत घेत नव्हतो. ज्या दिवशी पंगत, त्या दिवशी प्रत्येकानं घरून ओंजळभर ज्वारीचं पीठ आणायचं. सगळं एका मोठ्या डब्यात ओतायचं. एकदा डब्यात पडलं की हे कुणाच्या घरचं आणि कुठल्या वस्तीवरचं, हे कुणालाच सांगता येत नाही. मला त्या पद्धतीतलं हेच सगळ्यात आवडायचं. का, ते मी कधी कुणाला समजावत बसले नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजत होतं.

एकदा मी लोकशाहीही करून पाहिली. पोरांना विचारलं, या वेळी काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मतदान झालं. मंचुरियन निवडून आलं, आणि तेही बिनविरोध. मी कोबी किसला, बेसन कालवलं, गोळे तळले. एक पोरगी गोळा फोडून आत बघत म्हणाली, "मॅडम, हे तर कोबीचे भजे हायत."

"मग आमटीत बुडव," मी म्हटलं, "म्हणजे होतंय मंचुरियन."

बुडवून खाल्लं सगळ्यांनी. पुढची दोन वर्षं पोरं त्याला मंचुरियनची आमटी म्हणत होती आणि मागून खात होती.

पण या सगळ्यात एक गोष्ट मला फार दिवस सुधारता आली नाही. मुलं मागून मागून खायची आणि मुली पहिल्या भाकरीलाच ताटलीवर हात आडवा धरायच्या. "बास, मॅडम." पोटभर झालेलं नसायचं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. पण मुलांच्या देखत दुसरी भाकरी मागायची म्हणजे काय, असं त्यांना घरूनच शिकवलेलं. मी मुलींची पंगत आधी बसवून पाहिली. वेगळी बसवून पाहिली. रागावूनही पाहिलं. पळायला हरणासारख्या पोरी, जेवायला बसल्या की पाहुण्यासारख्या अंग चोरायच्या. याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

राणी त्यातलीच, पण तिचं आणखी एक होतं. ती दहावीला होती आणि खो-खोच्या मुलींच्या संघात सगळ्यात चपळ होती. पंगतीत ती बसायची, पण टेकायची नाही. लांबून कुणी "भाकरी" म्हटलं की ताटली तशीच सोडून ही उठलीच. वाढून यायची, दोन घास खायची, कुणी पाणी मागितलं की पुन्हा उठायची. घरी तिनं कधी पूर्ण जेवण बसून केलंच नसावं. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून आमच्या भागातल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि ऊस संपला की परत येतात. दरवर्षी त्या सुमारास अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. म्हणून टोळ्या निघायच्या आधीच्या रविवारी मी एक पंगत ठेवायचे. पोरं तिला जाण्याची पंगत म्हणायची.

त्या वर्षी आमच्या मुलींनी तालुका जिंकला होता. दिवाळीनंतर बीडला जिल्ह्याचे सामने होते. ते आम्ही हरलो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी चषकाची वाट बघत पुढे वाचू नये. माझ्या मनातली गोष्ट चषकाची नाहीच.

दसऱ्यानंतर राणी एक दिवस सरावाला आली आणि बूट न घालता कट्ट्यावर बसून राहिली. म्हणाली, "मॅडम, यंदा मला पन जायचंय. कारखान्याला."

मी तडक तिच्या घरी गेले. आत्तापर्यंत आईवडील तोडीला गेले की राणी गावात चुलतीकडे राहायची, राहायचा प्रश्न नव्हता. तिची आई सुमनताई दारातच गोधड्या वाळत घालत होती. बाई सडपातळ, बोलायला रोखठोक. मला बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "म्या काय वैरीण हाय का तिची, मॅडम? मला कळत न्हाई का दहावीचं वरीस हाय ते? पन यंदा पोरगं आक्या बी संगट हाय. आमी तिघं पहाटं फडात. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मागल्या साली सासूबाई व्हत्या, त्या आता थकल्या. कोपीवर भाकरी कोण करील?"

फड म्हणजे उसाचं शेत आणि कोपी म्हणजे तिथली राहायची खोपटी. दिवसभर कोयता चालवून आलेल्या तिघांना गरम भाकरी लागते, ही काही खोटी अडचण नव्हती. माझ्याकडे शिकवणीची, पुस्तकांची, सरावाची सोय होती. त्या भाकरीची सोय माझ्याकडे नव्हती. मी चहा पिऊन परत आले. जन्मभर लोकांच्या पोरांना जेवू घालणारी मी, आणि नेमक्या या एका चुलीपुढे माझं काही चालेना. फार चिडचिड झाली त्या दिवशी.

आक्या म्हणजे आकाश, राणीचा भाऊ. बारावी आमच्याकडूनच झाला होता आणि पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर धावायला यायचा. दंड मोठे, आवाज त्याहून मोठा, कबड्डीत त्याला पाच जण धरायला लागायचे. त्याला मी म्हटलं, "आकाश, तू शीक ना भाकरी." तो हसला. वाईट नाही हसला, पण मी त्याला ओढणी घे म्हटल्यासारखा हसला.

जाण्याच्या पंगतीच्या दिवशी सकाळी मुलींनी माझ्यापुढे येऊन गाऱ्हाणं मांडलं. संघाची कप्तान पुढे होती. "मॅडम, आमी सामने पन खेळायचे आन समद्यांच्या भाकरी पन थापायच्या? आन हे पोट्टे काय करनार, तर क्रिकेट. कावून?"

कावून म्हणजे का, आणि प्रश्न रास्त होता. मी शिट्टी वाजवली आणि जाहीर केलं, मुलगे विरुद्ध मुली, खो-खोचा एक डाव. जो हरेल तो भाकरी करेल.

मुलांनी शिट्ट्या मारल्या. आक्या म्हणाला, "मॅडम, ह्यांच्याशी काय खेळायचं? रडतील."

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणारे खेळाडू मधल्या रांगेत चौकोनांत बसतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. त्यांच्यातला एकच जण उठून पळत असतो. त्यानं मागे वळायचं नाही. पळणारा हातातून निसटला की बसलेल्या भिडूच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं. तो उठतो, पळतो, आणि ज्यानं खो दिला तो त्याच्या जागी बसतो. ताकदीचा खेळ नव्हे हा. कबड्डीतले आमचे पैलवान दर चार पावलांना मागे वळत होते आणि मी दर चार पावलांना शिट्टी वाजवत होते. राणीला पकडायला आक्यानं झेप घेतली ती थेट खांबावर. मुली जिंकल्या, आणि हसून हसून अर्ध्या जणी खाली बसल्या.

"चला, हात धुवा," मी म्हटलं.

मुलींनी घरून काटवटी आणल्या होत्या. काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. राणीनं तिच्या आईची आणली होती, जुनी, मधे झिजून गुळगुळीत झालेली. मुलांना दाखवून दिलं, ही काटवट, हे पीठ, हे पाणी, आणि मी आमटी फोडणीला टाकायला गेले. मोठ्या पातेल्याची फोडणी सोडून हलता येत नाही. लसूण जळला की सगळं गेलं.

आता ज्वारीच्या पिठाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. ते गव्हासारखं चिकट नसतं. ताजं असेल तर त्याला थोडी ओढ असते, तिला आम्ही विरी म्हणतो. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग उकळतं पाणी घालून मळावं लागतं. आणि कितीही ताजं असलं तरी एका वेळी एका भाकरीपुरतंच मळायचं. मळलं की लगेच थापायचं. आमच्या डब्यात तर सगळ्या गावचं पीठ, काही कालचं, काही महिन्याचं.

मुलांनी काय केलं असेल? आक्यानं कप्तानपद हातात घेतलं. "बे, एक एक गोळा कशाला मळायलेत? एकदाच मळून टाकू, मग धडाधड थापू." बाहेर बांधकामाचं धुतलेलं घमेलं होतं. त्यात निम्म्याहून जास्त पीठ ओतलं, बादलीतलं गार पाणी टाकलं, आणि चार पैलवान घमेल्यावर तुटून पडले. मी परत आले तेव्हा घमेल्यात एक मोठा राखाडी गोळा होता आणि तो उन्हात भेगाळत चालला होता. पहिली भाकरी थापतानाच तिचे तीन तुकडे झाले. दुसरी अर्धी हातातच राहिली आणि उरलेली जमिनीवर पडली. मुली दूर बसून टाळ्या वाजवत होत्या.

"मॅडम, पीठ खराब हाय," आक्या म्हणाला.

"पीठ चांगलं आहे. तूच घाई केलीस."

सगळी पोरं भुकेजलेली, शेंगदाणे संपलेले, आणि निम्मं पीठ घमेल्यात अडकलेलं. पण असल्या वेळी माझं डोकं चालतं, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. मी त्या गोळ्यात बेसन घातलं, तिखट, लसूण, जिरं, ओवा घातला, तेलाचा हात लावून पुन्हा मळायला लावला आणि शिट्टी वाजवली. सगळ्यांनी गोल बसायचं, लिंबाएवढा गोळा घ्यायचा, तळहातांवर वळून लांब करायचा आणि टोकं जुळवायची. शेंगोळे. आमच्याकडे थंडीत घरोघर होतात. उकळत्या आमटीत सोडले की तिथेच शिजतात आणि आमटीही दाट होते. बघता बघता स्पर्धा लागली. कुणी साप केला, कुणी आठचा आकडा, कुणी आपल्या नावाचं पहिलं अक्षर. एकानं शिट्टी करून मला दाखवली आणि म्हणाला, हा मॅडमचा शेंगोळा, कुणी खायचा नाही.

या गोंधळात फाटकातून सुमनताई आत आली. घरी बोचकी बांधायला काढली होती. राणी सकाळपासून गायब, काटवट गायब.

"मॅडम, माझी काटवट आन माझी पोरगी, दोनी द्या," ती म्हणाली. मग तिची नजर तिच्या काटवटीवर गेली. आक्या मांडी घालून बसला होता, कोपरापर्यंत पीठ, कपाळाला पीठ, आणि उरलेल्या पिठाची एक भाकरी करायचा हट्ट अजून चालू होता. बाईनं बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता पोराला असं बसवल्याबद्दल ही मला बोलणार.

"आरं ए," ती म्हणाली, "ते पीठ हाय का माती? कालवायलास कावून तसं?"

पदर खोचून ती त्याच्या शेजारी बसली. चुलीवरचं उकळतं पाणी मागितलं. एका भाकरीपुरतं पीठ ओढलं, मधे खळगा केला, पाणी ओतलं, आणि त्याच्या हातात दिलं. "मळ. तळहातानं. अंगातला जोर न्हाई लावायचा, रगडायचं. हां. आता थाप. बोटं न्हाई, पंजा. फिरव. भाकर फिरव रं, तू कावून फिरायलास?"

सगळं मैदान हसलं. ती हसली नाही. पहिली भाकरी जाड. दुसरी तव्यावर टाकताना घडी झाली. तिसरी टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि मग निखाऱ्यांच्या आरावर उभी केली. ती फुगली. पूर्ण नाही, एका बाजूनं, पण फुगली. आक्यानं अशी आरोळी ठोकली की त्यानं कबड्डीतही कधी ठोकली नव्हती. सुमनताई भाकरी हातात घेऊन उलटीसुलटी बघत राहिली. पुढचं पीठ ओढलं आणि काटवट त्याच्याकडे सरकवली.

मग पंगत बसली. मुली आधी, जिंकलेल्या म्हणून. वाढायला मुलं. आणि मला तिथल्या तिथे एक सुचलं. मी म्हटलं, वाढणाऱ्यानं खो-खोचा नियम पाळायचा, मागे वळायचं नाही. तो तुमच्या पुढून गेला की गेला, म्हणून ज्याला पाहिजे त्यानं आधीच ओरडायचं. खेळाचा नियम म्हटल्यावर मुलींचे आवाज फुटले. "भाकरी!" "शेंगोळे इकडं!" "ए, आठचा आकडा मला!" एकदा वळला म्हणून त्यांनी एकाला बाद करून बाहेर बसवलं आणि दुसरा वाढपी घेतला. आडवा हात धरणाऱ्या पोरींनी त्या दिवशी तिसरी भाकरी मागितली. इतकी वर्षं मला जे रागावून जमलं नव्हतं ते असं झालं. मी आमटीच्या पातेल्यामागे तोंड लपवून डोळे पुसले. कांदा चिरत होते असं कुणी म्हणू शकणार नाही, कांदा कधीच संपला होता.

राणीच्या शेजारी मी सुमनताईला बसवलं होतं. लांबून कुणी तरी ओरडलं, "भाकरी!" आणि राणी सवयीनं ताटली सोडून उठायला लागली. अर्धी उठली होती. सुमनताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं.

"बस की," ती म्हणाली. "वाढनारे हायत."

राणी बसली. पण घास हातात धरून आईकडे बघत राहिली, कारण आई काय म्हणाली ते तिला पूर्ण कळलं नव्हतं. मलाही कळलं नव्हतं. जेवण झाल्यावर सुमनताईनं काटवट धुतली, पुसली, काखेत मारली आणि राणीला घेऊन गेली. मी फाटकापर्यंत गेले. विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं, राणीला मागं ठेवणार ना.

"बगू," ती म्हणाली. "त्याच्या बापाला तसली भाकर खपंल का ते बगावं लागंल."

टोळी निघाली त्या सकाळी मी शाळेत न जाता थेट चावडीपुढे गेले. ट्रॉलीत बोचकी, पातेली, कोयते, सरपण, कुणाची शेळी. चढणाऱ्यांची आणि पोचवायला आलेल्यांची गर्दी. आमच्याकडे बघून बघून ठाऊक झालेली एक गोष्ट आहे. काटवट कधी बोचक्यात बांधत नाहीत. दाबात सापडली तर चिरते. ती ज्या बाईनं तिकडे भाकरी करायच्या, ती मांडीवर घेऊन बसते. म्हणून मी चेहरे बघत नव्हते, मांड्या बघत होते.

राणी ट्रॉलीशेजारी खाली उभी होती. तिच्या हातात काटवट होती. सुमनताई वर चढली, पाय आवरून बसली, आणि राणीनं काटवट वर दिली. आईनं घेतली. क्षणभर स्वतःजवळ धरली, मग शेजारी बसलेल्या आक्याच्या मांडीवर ठेवली.

गल्लीतली पोरं टपलेलीच होती. "आक्या बे, आमाला बी भाकर!" एक जण ओरडला. आक्यानं काटवट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. ट्रॅक्टर सुरू झाला. तशी राणी ट्रॉलीच्या कडेवर पाय देऊन वर झाली, भावाच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि ओरडली, "खो!"

आणि खाली उतरली. ट्रॅक्टर वळेपर्यंत ती तिथंच उभी होती. रडत होती, हसतही होती. मग चावडीच्या कट्ट्यावर येऊन माझ्याजवळ बसली. फडक्यात काही तरी बांधलेलं होतं, ते सोडलं. जाडजूड, एका बाजूनं करपलेली भाकरी. आक्यानं पहाटे उठून तिच्यासाठी केलेली.

तिनं एक तुकडा मोडून मला दिला. दुसरा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"जाड हाय," ती म्हणाली. "पन शिजलीया."

समोरून तिची चुलती तिला हाक मारत होती. राणीनं हात वर करून थांब म्हणून खूण केली, आणि तिथं बसून, घाई न करता, ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.